पिल्लाची आई कुठं आहे? कुत्र्यांची पैदास आणि तिचे नियम, सोप्या भाषेत

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला आणि तेव्हापासून बेळगावच्या कट्ट्यांवरही हा विषय थांबलेला नाही. निर्बीजीकरण, लसीकरण, कुत्र्यांना कुठं खायला घालायचं, चावलं तर जबाबदार कोण, या सगळ्यावर प्रत्येकाचं मत तयार आहे. चर्चा गरजेची आहेच. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल इतकं बोलताना घरात विकत येणाऱ्या कुत्र्यांबद्दल आपण जवळजवळ काहीच बोलत नाही.

टिळकवाडीपासून हनुमाननगरपर्यंत संध्याकाळी फेरी मारली तर लॅब्रेडॉर, पग, हस्की, रॉटवायलर, शिह त्झू सगळे दिसतात. निपाणी, संकेश्वर, खानापूर इथंही आता हेच चित्र आहे. यातलं प्रत्येक कुत्रं कुणीतरी ठरवून जन्माला घातलेलं आहे. एक मादी माजावर आली, तिला नर लावला गेला, पिल्लं झाली, ती विकली गेली. हे काम कसं करावं यासाठी केंद्र सरकारचे नियम 2017 पासून आहेत. पिल्लू घेणाऱ्या बहुतेकांनी आणि विकणाऱ्या कितीतरी जणांनी ते ऐकलेलेही नाहीत. त्या नियमांत काय आहे, ते का आहेत आणि आपल्या सीमाभागात त्यांचा काय संबंध येतो, हे इथं बघू.

जात म्हणजे नेमकं काय?

माणसानं हजारो वर्षं कुत्री कामासाठी निवडली. धनगराला मेंढरांबरोबर राहणारं कुत्रं हवं होतं, शिकाऱ्याला पळणारं, शेतकऱ्याला रात्री भुंकणारं. जे कुत्रं कामाचं, त्याची पिल्लं ठेवायची, एवढाच हिशेब होता. दिसायला ते कसं आहे याला फारसं महत्त्व नव्हतं.

1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि चित्र पालटलं. कुत्र्यांची प्रदर्शनं, वंशावळीच्या नोंदवह्या, नाक किती लांब आणि शेपूट किती वळलेली याची लेखी मापं आली. आईबाप दोघेही नोंदवहीत असतील तरच पिल्लू त्या जातीचं मानलं जाऊ लागलं. बाहेरचं रक्त बंद झालं, आणि त्रासाची सुरुवात इथंच झाली.

का, ते समजायला जमिनीच्या उताऱ्याचं उदाहरण घेऊ. समजा तुमच्याकडं एकाच जमिनीच्या उताऱ्याच्या दोन प्रती आहेत, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आईकडच्या प्रतीवर एका ओळीला कसर लागली असेल तर ती ओळ वडिलांकडच्या प्रतीवर वाचता येते, काम अडत नाही. पण दोन्ही प्रती एकाच आजोबाच्या जुन्या, कसर लागलेल्या कागदावरून काढलेल्या असतील तर दोन्हींवर तीच ओळ गायब. मग ती कुठूनच वाचता येत नाही. जनुकांचं असंच आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि कुठल्याही जिवाच्या काही प्रती खराब असतातच. नातं दूरचं असेल तर दोन्ही प्रती एकाच जागी खराब असण्याची शक्यता कमी. बाप आणि लेक, भाऊ आणि बहीण असं जुळवलं की ती शक्यता एकदम वाढते. जवळच्या नात्यातल्या या पैदाशीला इनब्रीडिंग म्हणतात. त्यातून बहिरेपण, हृदयाचे दोष, डोळ्यांचे आजार, अशक्त पिल्लं निघतात.

मग ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणारे, असं करतात तरी का? कारण हवा तो रंग, हवं ते डोकं पटकन पक्कं करायचा तो सर्वात जवळचा रस्ता आहे. शिवाय 2016 मध्ये केंद्र सरकारनं व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणणं थांबवलं. हेतू चांगला होता. पण ज्या परदेशी जातींची इथं आधीच मोजकीच कुत्री आहेत, त्यांच्यात नवं रक्त येणं त्यामुळं आणखी अवघड झालं. गावात एकच नर असेल आणि सगळ्या माद्यांना तोच लावला जात असेल, तर दोन पिढ्यांनी सगळी पिल्लं एकमेकांची भावंडं होतात.

घोरणारा पग गोड नसतो

नात्याच्या प्रश्नाहून वेगळा एक प्रश्न आहे, तो रूपाचा. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची तोंडं मुद्दाम चपटी केलेली आहेत. हाडं आखूड झाली, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. नाकपुड्या अरुंद, टाळूचा मऊ भाग घशात लोंबणारा. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा अंग थंड करायचा मुख्य मार्ग. ज्याचा श्वासमार्गच अडलेला आहे त्याला तेही धड करता येत नाही. बेळगावची हवा थंड म्हणून आपण निर्धास्त असतो, पण एप्रिलच्या दुपारी अथणी-रायबागकडं जाताना बंद गाडीत असा पग मरू शकतो.

पग झोपेत घोरतो ते कौतुकानं दाखवणारी माणसं प्रेमळच असतात. त्या कुत्र्याला हवा पुरत नाही, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. बुलडॉगच्या पिल्लांची डोकी इतकी मोठी असतात की बहुतेक बाळंतपणं पोट फाडून करावी लागतात. नेदरलँड्समध्ये अति चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर बंदी आहे. आपल्याकडं तशी नाही. मला ती असावीशी वाटते. जे जनावर आपण होऊन श्वास घेऊ शकत नाही आणि विऊ शकत नाही, ते ठरवून जन्माला घालणं मला पटत नाही.

मादीचं वर्ष

या विषयाचा गाभा इथं आहे, म्हणून इथं जरा थांबू.

कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते. गाभण राहिली की सुमारे 63 दिवसांनी विते, म्हणजे नऊ आठवडे. त्यानंतर पिल्लांना आठ आठवडे आईची गरज असते. नऊ आणि आठ, सतरा आठवडे झाले, म्हणजे जवळजवळ चार महिने. सहा महिन्यांतले चार असे गेले की अंग भरून यायला उरतात दोन. ते संपतात न संपतात तोच ती पुन्हा माजावर. प्रत्येक वेळी तिला नर लावला तर ती कुत्री आयुष्यभर गाभण तरी असते नाही तर दूध पाजत तरी असते.

अशी मादी बघितली की ओळखू येते. पाठीचा कणा आणि बरगड्या मोजता येतात, पण सड लोंबून जमिनीला टेकायला आलेले असतात. केस विरळ. सतत सिमेंटवर बसून कोपरांवरचे केस गेलेले आणि तिथली कातडी काळी, जाड झालेली. फिरायला नेत नाहीत म्हणून नखं वाढून आत वळलेली. माणूस जवळ गेला की ती शेपूट हलवत नाही, भिंतीकडं सरकते. विकायच्या पिल्लांच्या फोटोत ती कधी नसते. आणि गिऱ्हाईक घरी आलं की तिला मागच्या खोलीत नेलेलं असतं.

2017 चे नियम वाचले तर दिसतं की त्यातला मोठा भाग या मादीसाठीच लिहिला आहे. दीड वर्षाच्या आत तिला नर लावायचा नाही. वर्षात एकापेक्षा जास्त वेत, म्हणजे बाळंतपण, नाही. सलग दोन माजांना नर लावायचा नाही. आयुष्यात पाच वेतं झाली किंवा वय आठ वर्षं झालं की पैदास बंद. नर लावण्याआधी पशुवैद्याकडून ती निरोगी असल्याचा दाखला घ्यायचा. शेपूट आणि कान कापायचे नाहीत. डॉबरमनचे कान उभे दिसावेत म्हणून ते कापणं नियम मोडून अजून चालूच आहे, पण दिखाव्यापलीकडं त्याचा काही उपयोग नाही.

आठ आठवड्यांचा आग्रह कशासाठी?

आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकायचं नाही, हाही त्याच नियमांतला भाग आहे. प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस दिवसांची पिल्लं सर्रास दिली जातात. कारण सरळ आहे. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लं आईच्या दुधावर असतात, विकणाऱ्याला खर्च नसतो. त्यानंतर ती खायला लागतात, घाण करतात, लस टोचावी लागते. खर्च सुरू व्हायच्या आत माल उचलला जावा असं विकणाऱ्याला वाटतं. घेणाऱ्यालाही मुठीत मावणारं पिल्लूच आवडतं.

पण याच काळात आईकडून दुधातून आलेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि लसीची अजून तयार झालेली नसते. पार्वो हा विषाणू नेमका याच फटीत शिरतो. पिल्लू आधी खाणं टाकतं, मग ओकतं, मग रक्ताची हगवण लागते, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला चार भोकं पाडून, आत वर्तमानपत्र घालून गडहिंग्लजच्या एसटीत ठेवलेलं महिनाभराचं पिल्लू अशा वेळी सर्वात धोक्यात असतं.

दुसरं कारण स्वभावाचं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिल्लू जग शिकतं. किती जोरात चावलं की दुखतं, हे त्याला भावंडं आणि आई शिकवतात. पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेलं कुत्रं पुढं भित्रं किंवा चावरं होण्याचा धोका जास्त असतो.

विकणारा वय वाढवून सांगतो आहे का, हे तुम्हाला तपासता येतं. पिल्लाचा ओठ हलकेच वर करा. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे दुधाचे 28 दात साधारण सगळे आलेले असतात, सुईसारखे टोकदार. मागच्या बाजूच्या हिरड्या अजून मोकळ्या दिसत असतील तर ते दोन महिन्यांचं नाही. शंका आली तर जनावरांच्या दवाखान्यात दाखवून मगच पैसे द्या.

नोंदणी कुणी करायची? आणि सीमेचं काय?

या नियमांचं पूर्ण नाव प्राणी क्रूरता प्रतिबंध (श्वान पैदास आणि विपणन) नियम, 2017 असं आहे. मूळ कायदा 1960 चा. विक्रीसाठी कुत्र्यांची पैदास करणाऱ्या प्रत्येकानं आपल्या राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची असते. शुल्क पाच हजार रुपये, मुदत दोन वर्षं. ब्रीडर या शब्दात मधला दलालही येतो. त्यानं प्रत्येक मादीची, वेताची, पिल्लाची नोंद ठेवायची, कुत्र्यांना मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची बारीक चकती) लावायची आणि विकलेल्या कुत्र्यांचा हिशेब मंडळाला द्यायचा.

नियम केंद्राचे असल्यामुळं बेळगावात एक आणि चंदगडात दुसरा, असा प्रकार नाही. कोगनोळीच्या नाक्याच्या दोन्ही बाजूंना दीड वर्ष म्हणजे दीड वर्षच. फरक फक्त नोंदणीत. ब्रीडर बेळगाव जिल्ह्यातला असेल तर कर्नाटकच्या मंडळाची, कोल्हापूर जिल्ह्यातला असेल तर महाराष्ट्राच्या मंडळाची. पिल्लं रोज सीमा ओलांडतात आणि तक्रार मात्र कुणाकडं करायची हे कुणालाच कळत नाही, ही आपल्या भागाची अडचण. उत्तर असं, की मादी जिथं ठेवली आहे तिथल्या अधिकाऱ्यांकडं. पिल्लू तुम्ही कागलात घरी आणलं असलं तरी आई हुक्केरीत असेल तर तक्रार बेळगाव जिल्ह्यात.

इथं एका कागदाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. "केसीआयचे पेपर आहेत" असं सांगितलं की गिऱ्हाईक निश्चिंत होतं आणि किंमतही वाढते. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, चेन्नईची संस्था. ती सरकारी नाही. तिचं प्रमाणपत्र पिल्लाची वंशावळ सांगतं. पिल्लू निरोगी आहे, आईचं वर्षात एकच वेत घेतलं, ब्रीडर मंडळाकडं नोंदलेला आहे, यातलं काहीही त्या कागदावरून कळत नाही. ते कळायला मंडळाच्या नोंदणीचा कागद वेगळा मागावा लागतो.

"दंड पन्नास रुपये, मग कोण घाबरणार?"

हा आक्षेप खरा आहे. 1960 च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. 1960 मध्ये पन्नास रुपयांना किंमत होती. आज एका हस्कीच्या पिल्लाच्या किमतीपुढं तो आकडा लाज आणणारा आहे. 2022 मध्ये केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला होता, त्यात दंड आणि शिक्षा दोन्ही वाढवायचा प्रस्ताव होता.

तरीही नियम अगदीच बिनकामाचे नाहीत. नोंदणी रद्द होऊ शकते, आणि व्यवसायावर जगणाऱ्याला ते पन्नास रुपयांहून जड जातं. जनावर मारलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण सगळ्यात मोठा धाक बाजाराचा. चार गिऱ्हाइकांनी आई बघायला मागितली आणि न दाखवल्यावर ती परत गेली, तर पाचव्याच्या आधी आई दाखवायची व्यवस्था होते.

"भयंकर जातींवर बंदी घातली की प्रश्न मिटेल"

12 मार्च 2024 ला केंद्रानं राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर वगैरे 23 जातींची पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. महिनाभरात, 10 एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं ऐकून न घेता असा निर्णय घेता येत नाही, रीतसर सल्लामसलत करून नियम करायचे तर करा, असा त्या निकालाचा रोख होता.

यावर लोक दोन्ही बाजूंनी रागावतात. ज्याच्या पोराला कुत्रं चावलं आहे त्याचा राग मला समजतो. रॉटवायलरचा जबडा आणि पामेरियनचा जबडा सारखा नाही, हेही खरं. पण जात बंद केली की तोच माणूस दुसरी मोठी जात आणतो, तशीच दिवसभर साखळीला बांधतो, तशीच पाच आठवड्यांत आईपासून तोडलेली घेतो. कुत्रं चावरं होण्यात जातीइतकाच, बऱ्याचदा जास्त, वाटा या गोष्टींचा असतो. त्यामुळं 23 नावांच्या यादीपेक्षा प्रत्येक ब्रीडरची नोंदणी आणि वर्षातून एक तपासणी मला जास्त उपयोगाची वाटते.

मुधोळचं काय?

सीमाभागात मुधोळ या देशी शिकारी कुत्र्याचा प्रश्न येणारच. गोकाकला कोसळणारी घटप्रभा पुढं बागलकोट जिल्ह्यात ज्या मुधोळवरून जाते, ते घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी शिकारी कुत्र्यांची ही जात जोपासली आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेट दिली. महाराष्ट्रात याच कुत्र्याला कारवान म्हणतात. 2005 मध्ये त्याचं टपाल तिकीट निघालं. 2016 मध्ये मुधोळची पिल्लं लष्कराच्या मेरठ केंद्रात प्रशिक्षणाला गेली, आणि ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतल्यावर मागणी उसळली. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं राजपालयम आणि चिप्पीपराई या देशी जातींबरोबर मुधोळचीही नोंद केली आहे.

देशी आहे म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. मागणी वाढली की मुधोळची मादीही त्याच चरकात सापडते. शर्यतीत वेग हवा म्हणून ग्रेहाउंड या परदेशी जातीशी संकर होतो आणि मूळ जात पातळ होत जाते. ससे धरायला कुत्री सोडणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली सरळ गुन्हा आहे. आणि मैलभर पळायला घडलेलं हे जनावर शहापुरातल्या दोन खोल्यांत बांधून ठेवणं त्याच्यावर अन्यायच.

इथं एक आक्षेप मनापासून ऐकण्यासारखा आहे. मुधोळ तालुक्यात कितीतरी घरं शेतीला जोड म्हणून एखादी मादी पाळतात. पिल्लं विकून पोराची फी भरतात. अशा घराला पाच हजारांची नोंदणी आणि वह्या झेपणार कशा? माझं मत असं, की नियम सोडू नये, ओझं मात्र हलकं करावं. एक-दोन माद्यांच्या घराला शुल्क नाममात्र असावं, अर्ज कन्नडबरोबर मराठीतही मिळावा आणि नोंदी ठेवायला गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यानं मदत करावी. वर्षात एक वेत हा नियम पाळायला मात्र कुणालाच पैसे लागत नाहीत, त्यामुळं त्यात सूट असू नये.

"मग आम्ही कुत्रं घ्यायचंच नाही का?"

घ्या की. रस्त्यावरचं देशी पिल्लू घेतलंत तर उत्तम. आपल्या हवेला ते सरावलेलं असतं आणि त्याच्यासाठी कुठली मादी राबवलेली नसते. ठरावीक जातच हवी असेल तर पिल्लं जिथं वाढली तिथं जा. बसस्टँडवर, पेट्रोल पंपावर, हायवेवरच्या धाब्यावर "आणून देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आईला बघा, हात लावून बघा. तिचं हे कितवं वेत, मागचं कधी झालं, नर कोणता आणि तिचा त्याच्याशी नात्याचा काही संबंध आहे का, हे विचारा. लसीचं पुस्तक, मंडळाचा नोंदणी कागद आणि पावती मागा. चांगला ब्रीडर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तोच तुम्हाला विचारतो, घरात जागा किती, दिवसा कोण असतं, आधी कुत्रं पाळलं होतं का.

काही वाईट दिसलं तर आईचे, जागेचे फोटो काढून जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. प्राणी क्रूरता प्रतिबंधाची जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते, एक प्रत तिकडंही पाठवा.

आणखी एक गोष्ट, जिचा विचार फार थोडे करतात. पाच वेतं होऊन गेलेली सहा-सात वर्षांची मादी ब्रीडरला नकोशी झालेली असते. बऱ्याचदा ती फुकटात मिळते. तिला लसी टोचून, गर्भाशय काढून घेतलं की ती पुढं चार-पाच वर्षं घरात निवांत राहू शकते. वयस्क माणसांच्या घरी तर अवखळ पिल्लापेक्षा ती कितीतरी सोयीची. पुढच्या वेळी पिल्लू बघायला गेलात तर तिच्याबद्दल नक्की विचारा.